कुणाचा रं तू?

महाराष्ट्रात तिसगावं किती? मला ठाऊक असलेली तीन. एक कल्याणला, दुसरं छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजजवळ, आणि तिसरं आमचं, पाथर्डी तालुक्यातलं, मढीच्या कानिफनाथांजवळचं. आता हे कुरियरवाल्याला कोण सांगणार? पुण्याहून आईला पाठवलेला मिक्सर आधी कल्याणची हवा खाऊन आला!

ऑफिसात आम्ही डी-थ्री वापरतो. २०११ साली आलेली, फुकटात मिळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिचा ‘हायरार्की’ हा भाग म्हणजे वंशावळ सांभाळणारा कारकूनच. वर राज्य, खाली ३६ जिल्हे, त्याखाली तालुके (एकट्या अहिल्यानगरचे १४) आणि तळाला गावं.

पूर्वी या झाडावर ‘ईच’ नावाचं फंक्शन सोडायचं. ते म्हणजे शिरगणतीवाले गुरुजी! तिसगाव मधेच सापडलं तरी शेवटच्या गावापर्यंत जाऊनच थांबणार. २०२० मध्ये डी-थ्रीची सहावी आवृत्ती आली आणि हे झाड ‘इटरेबल’ झालं. म्हणजे काय, तर साध्या ‘फॉर-ऑफ’ लूपमध्ये एकेक गाव हातात येतं, आणि काम झालं की ‘ब्रेक’ म्हणून घरी जाता येतं. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१५ पासून होती. झाडापर्यंत पोचायला पाच वर्षं लागली, असो.

फिरायची रीत पातळीप्रमाणे. आधी राज्य, मग सगळे जिल्हे, मग सगळे तालुके. गावांचा नंबर शेवटी, सरकारी योजनांसारखाच.

त्याच वेळी ‘फाइंड’ही आलं. ते पहिलं जुळणारं नाव आणून देतं, आणि खरी गोची इथेच आहे. पहिलं तिसगाव म्हणजे यादीत जे आधी बसलंय ते, आपलं नव्हे! म्हणून नुसतं नाव जुळवून भागत नाही, ‘पेरेंट’ पाथर्डी आहे का, तेही विचारावं लागतं. पारावरची म्हातारी मंडळी दुसरं काय करतात? तुम्ही नाव सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला: “कुणाचा रं तू?” झाडातल्या प्रत्येक गावाला आपला बाप माहीत असतो. ‘अँसेस्टर्स’ म्हटलं की तिसगाव, पाथर्डी, अहिल्यानगर, महाराष्ट्र अशी साखळी खालून वर हजर.

२०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा मी झाडात एकच नाव बदललं. खालच्या एकाही गावाला हात लावला नाही. पलीकडच्या टेबलावर एक्सेलमध्ये मात्र प्रत्येक गावासमोर जिल्हा वेगळा लिहिलेला, आणि तोही तीन-तीन स्पेलिंगांत. ते काम दुपारच्या चहानंतरही चालूच होतं.