स्मरणिकेत मंडळी कुठे आहे?

चर्चच्या शताब्दीच्या स्मरणिका बहुतेक एकाच साच्यातून निघतात. आधी शुभेच्छा, मग कोणता साहेब कोणत्या साली आला, इमारत कधी झाली, घंटा कुणी दिली. मंडळी सापडते ती मधल्या पानावरच्या समूहचित्रात, तीही नावांशिवाय. ही रीत मला मनापासून खटकते. प्रॉटेस्टंट मंडळी म्हणजे तिचे सभासद. त्यांना वगळून लिहिलेला इतिहास फार तर मिशनचा असेल, मंडळीचा नव्हे.

अहमदनगरचेच घ्या, आताचे अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली तिथे ठाणे मांडले, 1833 मध्ये मंडळी स्थापन झाली आणि 1842 मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. एवढे सगळेच सांगतात. पण हे मिशन काँग्रिगेशनल पंथाचे होते, ही गोष्ट कुणी पुरती विचारात घेत नाही. त्या पंथात वर बिशप नसतो; पाळक निवडणे, सभासद घेणे, शिस्त लावणे हे मंडळीने सभेत ठरवायचे असते. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे पाळक झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच. पुढे खेडोपाडी वाढलेल्या मंडळ्यांत बहुसंख्य सभासद महार आणि मांग समाजांतले होते. मालमत्ता नाही म्हणून ज्याला लोकल बोर्डाचे मत नव्हते, त्याला मंडळीच्या सभेत मत होते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली ही केवढी मोठी घटना! घंटेच्या देणगीदाराला अर्धे पान मिळते आणि हिला एक ओळही मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, पैसा अमेरिकेचा होता, तेव्हा सत्ताही तिथलीच. पाळकांचे पगार, शाळा, दवाखाने मिशनवर चालत आणि पैसे देणाऱ्याचा शब्द जड असे, हे खरेच आहे. पण मिशन आवरते घेतल्यावरही मंडळ्या उरल्या, त्या कशावर? सभासदांच्या वर्गणीवर. कापणीच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी येते आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. तोच भोपळा दोनदा-तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा मंडळीलाच देऊन टाकतो. मंडळीचा जमाखर्च इथून वाचायला लागावे.

दुसरा आक्षेप जुना आणि बोचरा आहे: हे लोक दुष्काळात पोटासाठी आले. 1876–78च्या दुष्काळानंतर संख्या वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धान्यासाठी आलेला माणूस धान्य वाटप संपले की निघून जातो. हे राहिले, मुलांना शिकवले, नातवंडांचे बाप्तिस्मे त्याच मंडळीत केले. शिवाय भुकेल्या माणसाला आपल्याला कोण माणसासारखे वागवते हेही कळते, हे आपण का विसरतो?

जात चर्चच्या दारात गळून पडली असे मात्र कुणी समजू नये. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे आपले सोवळे सांभाळत होत्या. ते मनातून कसे सुटले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की मिशनचा कोणताही अहवाल त्यापुढे फिका वाटावा. अहवाल परदेशी देणगीदारांसाठी लिहिले जात. बाईंना कुणाकडून देणगी मिळवायची नव्हती. प्रभुभोजनाला कोण कुणाशेजारी बसले, सोयरिकी कुठे जुळल्या आणि कुठे अडल्या, हे प्रत्येक गावच्या मंडळीला विचारायला हवे. उत्तरे नेहमीच अभिमानाची नसतील, तरी ती छापावीत. त्यासाठी लागणारा ऐवज परदेशात शोधायला नको. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, लग्नाची रजिस्टरे, पंचकमिटीची इतिवृत्ते पाळकाच्या कपाटात आहेत आणि त्यांना वाळवी लागते आहे. यंदा ज्यांची स्मरणिका निघणार आहे त्यांनी शुभेच्छांची पाने कमी करून त्या जागी पहिल्या नोंदवहीतली नावे, गावांसकट, जशीच्या तशी छापावीत.