पहिला प्रश्न: इथून निघायचं कसं?

हौशी मंडळींचा कुठलाही ऑनलाइन समूह घ्या. ट्रेकवाले, गझलवाले, बोलीभाषांचे शब्द गोळा करणारे, कुणीही. स्वतःचं संकेतस्थळ काढायचं ठरलं की पहिला वाद पेटतो तो होस्टिंगचा. एक जण म्हणतो, ‘अमुक कंपनी घ्या, सगळं अनलिमिटेड, महिन्याला शंभरच्या आत.’ दुसरा आठ जीबी रॅमच्या खाली बोलायला तयार नसतो. तिसऱ्याचा मेहुणा होस्टिंग विकतो. दोनशे मेसेज होतात आणि शेवटी स्वस्तात स्वस्त प्लॅन तीन वर्षांसाठी घेतला जातो, तोही मेहुण्याच्या ईमेलवर.

मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, म्हणून स्पष्टच सांगतो: हा अख्खा वाद चुकीच्या प्रश्नावर चालतो. रॅम किती, जागा किती, हे नंतर बघू. उद्या इथून गाशा गुंडाळायची वेळ आली तर आपलं सगळं लिखाण घेऊन बाहेर पडता येईल का, हे आधी विचारा.

जागेचा बाऊ तर हिशेब केला की लगेच संपतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. हजार शब्दांचा लेख म्हणजे साधारण २० केबी. असे एक लाख लेख झाले तरी २ जीबी. त्याखालची भांडणं पाचपट धरा, १० जीबी. तुमच्या फोनमध्ये काकांनी पाठवलेली गुड मॉर्निंगची चित्रं याहून जास्त जागा अडवून बसली असतील. (फोटोंचं गणित वेगळं, पण ते दुसरीकडे ठेवता येतात.)

आणि ‘अनलिमिटेड’ म्हणजे काय? शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच मशीनवर शेकडो साइट्स कोंबलेल्या असतात. जागा अमर्याद असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, पण फाइली किती आणि सीपीयू किती वापरायचा याच्या मर्यादा अटींमध्ये असतात. वर्षभर कुणाला काही जाणवत नाही. तुमचा दिवाळी अंक येतो, सगळे एकदम उघडतात, आणि साइट झोपते.

पण झोपलेली साइट उठते. गेलेला डेटा परत येत नाही. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, तोही गेला. ‘कंपनी बॅकअप घेते ना’ म्हणून निवांत बसणाऱ्यांनी आपला बॅकअप नेमका कुठे असतो, हे आजच विचारून घ्यावं.

नुसता बॅकअप असूनही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली आणि सुमारे ३०० जीबी डेटा उडाला. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक नव्हे, पाच पद्धती होत्या. ऐन वेळी एकही धड चालेना. वाचवलं ते योगायोगाने सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका कॉपीने. जगभरचे प्रोग्रॅमर ज्यांच्याकडे कोड ठेवतात त्यांची ही गत, तर मेहुण्याचं काय घेऊन बसलात?

आपल्याकडे आगीचीही गरज नसते, साधं कार्ड पुरतं. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नवे नियम लागू झाले आणि परदेशी सेवांची दरमहा आपोआप कटणारी बिलं अनेकांच्या कार्डावरून कटेनाशी झाली. कंपनीचा इशारा ज्या ईमेलवर येतो ती कुणी उघडतच नसेल तर? डोमेनचं तर त्याहून वाईट. मुदत संपलेलं डॉट कॉम काही आठवडे जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं, नंतर ते कुणीही उचलतं. म्हणून डोमेन दोघांच्या हाती हवं आणि होस्टिंगवाल्याकडे तर नकोच. भांडण झालं तर घर आणि पत्ता दोन्ही एकाच्याच मुठीत.

‘मग फेसबुक ग्रुप काय वाईट? फुकट तर आहे.’ ऑर्कुटही फुकट होतं, ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. याहू ग्रुप्सने २०१९मध्ये वर्षानुवर्षांची साठवण काढून टाकायचं जाहीर केलं, २०२०च्या डिसेंबरात गाशाच गुंडाळला. त्या ग्रुपांवर रात्र रात्र जागून लिहिलेलं आज किती जणांकडे आहे? फुकटच्या जागेत भाडेकरूचे हक्कसुद्धा नसतात.

एवढं सगळं हौसेपोटी कोण करणार, हा आक्षेप मला मान्य आहे. महिन्याला पाच-सहा डॉलरमध्ये १ जीबी रॅमचा स्वतंत्र व्हीपीएस मिळतो, मजकुराच्या साइटला सुरुवातीला तो पुरतो. पण त्यावर अपडेट टाकणारं माणूस लागतं. ते नसेल तर शेअर्डच घ्या, लाजायचं कारण नाही. मात्र महिन्यातून एकदा डेटाबेसचा डंप कुणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवर उतरवा, आणि सहा महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या मशीनवर चढवून साइट उभी राहते का ते पाहा. एका रविवारचं काम आहे, दोनशे मेसेजपेक्षा कमी वेळ लागतो.

पैसे भरण्याआधी सपोर्टला एवढंच लिहा: ‘आमचा पूर्ण डेटाबेस आणि सगळ्या फाइली आम्हाला स्वतः, कधीही उतरवून घेता येतील का?’ उत्तर ‘तिकीट टाका, बघू’ असं आलं, तर डिस्काउंट कितीही असो, पुढची कंपनी बघा.