विजयाच्या ताळेबंदातील कोरा रकाना

दुसऱ्या महायुद्धातील विजयाचे श्रेय कोणाचे, हा वाद जुनाच आहे. युरोपातील युद्धसमाप्तीस २०२५ च्या मे महिन्यात ८० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सर्वाधिक वाटा आपल्याच राष्ट्राचा असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात रशियाने मॉस्कोच्या लाल चौकात विजयाचे संचलन घडविले. ब्रिटनला १९४० सालच्या आपल्या झुंजीचा अभिमान आहे. यांपैकी कोणाचाच दावा निराधार नाही. जर्मन सैन्याचा कणा पूर्व आघाडीवर मोडला आणि त्यासाठी सोव्हिएत संघाने सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. अमेरिकेच्या कारखान्यांनी सर्व मित्रराष्ट्रांना शस्त्रे, वाहने आणि अन्न पुरविले. मात्र या ताळेबंदात भारताच्या नावापुढील रकाना बहुधा कोराच राहतो.

वस्तुतः ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय लोकप्रतिनिधींना न विचारता हा देश युद्धात लोटला. तरीही युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. सक्तीची भरती नसलेले एवढे मोठे सैन्य जगाने पूर्वी पाहिले नव्हते. त्यांतील सुमारे ८७ हजार जवान परतले नाहीत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसे मेली, ती या हिशेबात धरलेलीच नाहीत.

या यज्ञात महाराष्ट्राची समिधाही मोठी होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने त्यांनी उरलेले दोघे लोळविले आणि तेथेच देह ठेवला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी संगमनेर तालुक्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सहकाऱ्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर काढले आणि मग शत्रूची मशीनगन-ठाणी उद्ध्वस्त केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे सैनिक इंग्रजांसाठी लढले, मग त्यांचा गौरव आपण का करावा, असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे उत्तर टाळता येणार नाही. निर्णय साम्राज्याचा होता, शौर्य मात्र आपले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले, ते शस्त्रविद्या पुन्हा आपल्या हाती यावी म्हणून. त्याच सैन्यातील युद्धबंद्यांतून निघालेली आझाद हिंद सेना नेताजींनी नव्याने उभी केली. इंफाळच्या रणांगणावर दोन्ही बाजूंना भारतपुत्रच होते. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांनी बंड पुकारले, तेव्हा आता हे सैन्य आपले राहिले नाही, हे इंग्रज उमगून चुकला. या दोन्ही धारा एकाच इतिहासाच्या आहेत. एकीचा मान राखताना दुसरीला विसरणे हा कृतघ्नपणा ठरेल.

इटलीतील मोंतोने या गावाने २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या नावे स्मारक उभारले. परक्यांना जे स्मरले, ते आपल्या पाठ्यपुस्तकांत किती ओळी व्यापते?

पांझरेच्या एका तीरावर देवपूर, दुसऱ्या तीरावर जुने धुळे. याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. घरोघरीच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळून त्यांनी मराठ्यांचा इतिहास वाळवीच्या तोंडून सोडविला. आज कोणाच्या तरी ट्रंकेत आजोबांचे पदक, कोणाकडे सैन्यातील सुटीचा कागद, कोणाकडे आघाडीवरून आलेले पत्र पडून असेल. आपल्या वस्तीत, आपल्या तालुक्यात तेवढे शोधून त्याची नीट नोंद करणे हे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातील काम आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या ताळेबंदावर रुसून काय उपयोग? आपला रकाना आपणच भरला पाहिजे.