कार्ड आत्ता घ्यावं, की थांबावं?



दिवाळी-पाडवा जवळ आला की घरोघरी मोठ्या खरेदीची बोलणी सुरू होतात. मिक्सर, फ्रीज, कपाट यांत आपलं मत चालतं, कारण त्या वस्तू आपल्या हाताखालून गेलेल्या असतात. पण कॉलेजातला मुलगा जेवता जेवता म्हणतो, “आई, ग्राफिक्स कार्ड घ्यायला हवं,” किंवा “प्रोसेसर बदलायला झालाय,” तेव्हा आपण एकदम परक्या होतो. मग एक तर “आहे ते चालतंय की!” म्हणून विषय मिटवतो, नाही तर पोरगं हिरमुसेल म्हणून डोळे मिटून पैसे काढून देतो. दोन्हींत वस्तूचा विचार राहूनच जातो.

या विषयावर सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, “माझा मुलगा ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचा संगणक सहा वर्षांचा. कार्डाचं वर्षभर चाललंय. म्हणतो, नवी मालिका येऊ दे, जुन्याचे भाव उतरतील, मग बघू. एप्रिलमध्ये त्याला शेवटचं काम सादर करायचंय. माझी भिशी लागली आहे, ५० हजार हातात येतील. पण सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यातूनच करायचंय. घेऊ की थांबू?”

उत्तर देण्याआधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ या. मी इंजिनिअर नाही, बरं का. बी.ए. झालेली, सकाळच्या शाळेत तीन तास मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. पण आमचे धाकटे दीर घरी बसून बिल्डरांसाठी इमारतींची चित्रं संगणकावर करतात, आणि खर्चाची वही माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक खरेदीची उलटतपासणी मी घेते. त्यातून जे समजलं ते सांगते.

प्रोसेसर म्हणजे घरातली कर्ती बाई. दूध उतू जात नाही ना ते बघेल, दारावरच्या माणसाला उत्तर देईल, तेवढ्यात मुलाचा डबाही भरेल. कामं नाना तऱ्हेची, पण हात चपळ. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नघरी पोळ्या लाटायला बसलेल्या पन्नास जणी. काम एकच आणि सोपं, पण सगळ्यांचे हात एकाच वेळी चालतात. पडद्यावरचं चित्र लाखो ठिपक्यांचं असतं आणि प्रत्येक ठिपक्याचा हिशेब साधारण सारखाच, म्हणून तिथे हा घोळका कामी येतो. पत्रं, टॅली, शाळेचे निकाल, सिनेमा बघणं यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. बहुतेक प्रोसेसरांत कामापुरती चित्रव्यवस्था आतच असते. चार माणसांच्या स्वयंपाकाला पन्नास जणी कशाला? (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं, त्यात मात्र ती सोय नसते. तो घेतला तर कार्ड घ्यावंच लागतं. स्वस्त दिसतो म्हणून फसू नका.)

अडतंय कुठे?

कुकरची शिट्टी होत नाही म्हणून कोणी कुकर टाकून देत नाही. आधी रबर बघते. इथेही तसंच. संगणकावर विंडोज असेल तर जे काम रखडतं ते चालू ठेवून मुलाला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायला सांगा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलं की प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि कार्ड यांपैकी कोण किती राबतंय ते टक्क्यांत दिसतं. कार्ड शंभर टक्के राबत असेल आणि बाकीचे आरामात असतील तर मागणी खरी. डिस्कच शंभरावर असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की बराच फरक पडतो, तोही कार्डापेक्षा पुष्कळ कमी खर्चात. आणि डबा उघडून पंख्यावरची धूळ साफ करायला तर काहीच पडत नाही. गरम झालेलं यंत्र स्वतःचा वेग आपणहून कमी करतं.

बाजाराचा हंगाम

आता ‘कधी’चा प्रश्न. कार्डांचाही आंब्यासारखा हंगाम असतो. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांचं उदाहरण घेते. आरटीएक्स २० मालिका २०१८ च्या सप्टेंबरात आली, ३० मालिका २०२० च्या सप्टेंबरात, ४० मालिका २०२२ च्या ऑक्टोबरात आणि ५० मालिका २०२५ च्या जानेवारीत. म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांनी नवा बहर. नावातले पहिले दोन आकडे पिढीचे आणि शेवटचे दोन पायरीचे. ४०९० म्हणजे चाळिसाव्या मालिकेतलं सगळ्यांत वरचं, ४०६० म्हणजे घरगुती.

मुलं थांबा म्हणतात त्यालाही कारण आहे. २०१८ मध्ये ‘२०८० टीआय’ कार्डाची किंमत ९९९ डॉलरपासून पुढे होती. दोन वर्षांनी जवळपास तेवढ्याच ताकदीचं ३०७० हे कार्ड ४९९ डॉलरला जाहीर झालं. निम्म्या किमतीत! कोणाचं मन थांबायला होणार नाही?

पण पुढे काय झालं तेही ऐका. साथीच्या काळात चिपांचा तुटवडा झाला, आभासी नाणी तयार करणाऱ्यांनी कार्डं उचलली, आणि २०२१ मध्ये जाहीर किमतीत कार्ड मिळणं मुश्कील झालं. काही कार्डं दुप्पट भावाने गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या नाण्याने आपली पद्धत बदलली, त्याला कार्डांची गरज उरली नाही, तेव्हा कुठे वापरलेली कार्डं ढिगांनी बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस पुन्हा तोच प्रकार रॅमच्या बाबतीत झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी उचलली आणि आपल्या संगणकातल्या रॅमचे भाव भडकले. तेव्हा थांबलं की स्वस्त होतंच, हा भरवसा बाळगू नये.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. नवी मालिका ‘आली’ म्हणतात तेव्हा आधी येतात ती लाखाच्या घरातली कार्डं. हापूसची पहिली पेटी जशी आपल्यासाठी नसते, तसंच. ४०९० आलं ऑक्टोबर २०२२ मध्ये, पण घरगुती ४०६० यायला जून २०२३ उजाडला. त्याआधी ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये, तर ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. पाच ते आठ महिन्यांचं अंतर.

या अंतरावरूनच २०२४ च्या दिवाळीत आमच्या घरी निर्णय झाला. भाऊजींचं एकेक चित्र तयार व्हायला अख्खी रात्र लागे, आणि महिन्याला तीन-तीन हजारांची दोन कामं परत पाठवावी लागत. ते म्हणाले, “वहिनी, जानेवारीत नवी मालिका येतेय, थांबू या.” मी वही उघडली. म्हटलं, मोठी कार्डं जानेवारीत येतील, आपल्या ऐपतीचं मे-जूनशिवाय येणार नाही. तोपर्यंत महिना सहा हजार बुडणार. सात महिन्यांचे ४२ हजार झाले, आणि वाचवायचे किती? चार-पाच हजार! भाऊजी गप्प झाले.

मग कुठलं घ्यायचं? ४०६० नवं होतं, वीज कमी खाणारं होतं, पण त्याची स्वतःची मेमरी ८ जीबी. जुन्या ३०६० ची १२ जीबी. भाऊजींच्या इमारती ८ जीबीत मावत नव्हत्या. परातच लहान असेल तर लाटणाऱ्या कितीही चपळ असोत, कणीक कुठे मळणार? म्हणून पंचवीस हजारांच्या आसपास जुनंच घेतलं. विजेचा फरकही काढला. एकाची भूक १७० वॅट, दुसऱ्याची ११५. रोज सहा तास चाललं तर महिन्याला दहाएक युनिट जास्त. तेवढं परवडलं. नव्या मालिकेतलं ५०६० मे २०२५ मध्ये आलं, आणि तेही ८ जीबीचंच निघालं.

थांबावं ते मात्र अशा वेळी: हातातलं काम अडत नाही, किंवा तुटवड्यामुळे भाव जाहीर किमतीच्या वर चढलेत, किंवा हवं तेच कार्ड येण्याची तारीख जाहीर झाली आहे आणि ती महिन्याभरात आहे. तारीख नसलेल्या अफवेसाठी थांबू नये.

प्रोसेसरचं गणित वेगळं

साडीची किंमत सांगताना दुकानदार ब्लाउज, परकर, फॉल धरत नाही. प्रोसेसरचंही असंच आहे. तो ज्या खाचेत बसतो ती मदरबोर्डवर असते. एएमडीची एएम-४ ही खाच २०१७ च्या रायझन प्रोसेसरांना चालली आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८०० एक्स-३डीसुद्धा बऱ्याच जुन्या बोर्डांवर बसला. अशा घरी नुसता प्रोसेसर बदलून भागतं. पण सप्टेंबर २०२२ च्या एएम-५ ला बोर्ड नवा आणि रॅमही डीडीआर-५ लागते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीची खाच एक होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढची मालिका आली ती वेगळी खाच घेऊन. तेव्हा “प्रोसेसर केवढ्याला?” असं विचारू नका. “बोर्ड आणि रॅम धरून केवढ्याला?” असं विचारा.

प्रोसेसर बदलायला एक खरं कारण मात्र घडलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात त्याची देखभाल थांबलेली असू नये. ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा मोफत प्रोग्रॅम तुमचा संगणक चालेल की नाही ते सांगतो.

आता सांगलीच्या ताईंना

ताई, ऑपरेशन आधी. त्याचे पैसे आजच वेगळे काढा, त्याला पर्याय नाही. उरलेल्या रकमेत जे कार्ड बसेल तेच घ्यायचं, आणि ते जानेवारी उलटायच्या आत घ्यायचं, कारण नव्या यंत्रावर हात बसायलाही महिना-दीड महिना लागतो. एप्रिलची तारीख कार्डाच्या मालिकेसाठी पुढे जाणार नाही. यंत्र सहा वर्षांचं असल्यामुळे प्रोसेसरला बहुधा हात लावावा लागणार नाही. पण टास्क मॅनेजरची परीक्षा करून मगच ठरवा. शेवटचं जड काम संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर करता येईल का, ते मुलाला आजच विचारायला सांगा. म्हणजे मोठ्या कार्डाची गरजच कमी होईल.

आणि एक सांगू? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगा वर्षभर “नवी मालिका येऊ दे” म्हणतोय, ते कदाचित मालिकेसाठी नसेलच. आजीचं ऑपरेशन घरात आहे हे त्याला दिसतंय. आईकडे पैसे मागण्यापेक्षा बाजाराचं नाव पुढे करणं त्याला सोपं जात असेल. तेव्हा वही घेऊन त्याच्याबरोबर बसा. किती आहेत, कशाला आहेत, त्याच्या वाट्याला किती येतील, ते आकडे त्याच्यासमोर लिहा. आपल्या मुलांना आकडा सांगितला की ती समजून घेतात. न सांगितला तर एकटीच काळजी करत बसतात.

खरेदीला जाताना एवढं लक्षात ठेवा. सणाची सूट खरी की खोटी ते कळायला महिनाभर आधीपासून त्याच कार्डाचा भाव वहीत टिपत जा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात निदान तीन दुकानांत विचारा. कार्डाला पुरेल एवढा वीजपुरवठा संगणकातला एसएमपीएस देतो का, आणि कार्ड डब्यात लांबीला मावतं का, ते मोजून जा. घरातला लहान यूपीएस एवढा भार पेलेल का, तेही विचारा. वापरलेलं घेत असाल तर तासभर चालवून बघा आणि हमी किती उरली आहे ते विचारा. बिल जीएसटीचंच घ्या. कर १८ टक्के आहे, आणि घरात कोणाचा नोंदणी केलेला व्यवसाय असेल तर त्याची वजावट मिळते. “बिलाशिवाय स्वस्तात देतो” म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूची हमी मागायला पुढे कुठे जाणार? बिलाची झेरॉक्स काढून फ्रीजच्या बिलाशेजारी ठेवा. मूळ बिलावरची शाई दोन वर्षांत उडते.