खोदकाम म्हटलं की आपण बिचकतो

मानवतहून आपाचा फोन आला. "मुलगा बी.एस्सी. झाला. आता पुण्याला जाऊन पुरातत्त्व शिकायचं म्हणतोय. तू मामू आहेस, तूच समजाव." मी इंजिनिअर, पगार बरा, म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन. मी भाच्याचं ऐकून घेतलं आणि आपालाच समजावलं.

त्याला पर्यावरणीय पुरातत्त्व शिकायचं आहे. यात राजे आणि लढाया नाहीत. जुन्या वस्तीची माती पाण्यात ढवळतात, जळके दाणे वर तरंगतात. ते दाणे, जनावरांची हाडं आणि परागकण तपासून लोक काय पेरत, काय खात, पाऊसपाणी कसं होतं, हे शोधतात.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथले शेतकरी सातू पिकवत, पाटाचं पाणी वापरत. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. उत्खनन करणाऱ्यांनी याचं कारण वाढता कोरडेपणा असं मांडलं. पुढे त्यावर वादही झाले. पाऊस गेला की घराची काय दशा होते, हे परभणीच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

इनामगावच्या १९८८ च्या अहवालावर तीन नावं आहेत : ढवळीकर, सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी. हे तिसरं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? आपल्याला खोदकाम म्हटलं की कोर्ट, मशीद आणि टीव्हीवरचा आरडाओरडाच आठवतो. पण भीतीपोटी आपण हे शास्त्रच सोडलं, तर उद्या पुरावा तपासणाऱ्यांत आपलं कुणीच नसेल.

आपाची काळजी खोटी नाही. या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या आहेत. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक मुलांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. ती पुन्हा सुरू करा, ही मागणी आपण सोडता कामा नये. तोवर नेट-जेआरएफचा रस्ता खुला आहे. तिथे पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे.

डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुलांच्या कोचिंगला आपण मदत करतो. तशीच एखाद्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यालाही करू या. भाच्याचं पुण्यातलं दोन वर्षांचं खोलीभाडं मी देणार आहे. आपा अजून नाराज आहे, पण तिने त्याची बॅग भरायला घेतली आहे.