आधी हिशेब दाखवा, मग हात पसरा!

बारा वर्षे झोपा काढायच्या, तेराव्या वर्षी दारात माणूस पाठवून दरडावायचे आणि या प्रकाराला ‘थकबाकी वसुली मोहीम’ असे भारदस्त नाव द्यायचे, हा उद्योग महाराष्ट्रात राजरोस चालू आहे. ज्या मागणीचा हिशेब दाखवता येत नाही, जी कोर्टात नेण्याची मागणाऱ्याची छाती होत नाही आणि जी केवळ समोरच्याच्या अज्ञानावर नि अब्रूच्या भीतीवर पिकते, तिला आम्ही खंडणी म्हणतो. मागणारी कंपनी सरकारी असो की खासगी, वीज विकणारी असो की मोबाइलचे पोस्टपेड कनेक्शन देणारी, आमच्या शब्दात फरक पडत नाही.

प्रकार कसा घडतो ते पाहा. दुपारी अडीचची वेळ. घरातली कर्ती माणसे कामावर गेलेली. मोटारसायकलवरून एक गृहस्थ येतात. गळ्यात पट्टा असतो, पण त्याच्या टोकाचे ओळखपत्र शर्टाच्या खिशात खुपसलेले, म्हणजे नाव कोणाला वाचता येऊ नये. मोबाइलमधली यादी अंगठ्याने वर सरकवत ते बारा आकडी ग्राहक क्रमांक वाचतात, मग एक नाव. ते नाव घरातल्या आजींच्या दिराचे. दीर जाऊन दहा वर्षे झाली. ‘आजी, बारा हजार सहाशे चाळीस भरायचेत. जुन्या मीटरचे आहेत, पीडी झालेल्या. आज नाही भरले तर तुमच्या चालू मीटरवर टाकतो. उद्या लाइन कट.’ आजी हात जोडतात. मग साहेबांना पाझर फुटतो. ‘बरं, निदान हजार तरी भरा आणि इथे सही करा.’

या पाच मिनिटांत जे बोलले गेले त्यातले एक वाक्यही कायद्याच्या कसोटीला सरळ उतरत नाही.

पीडी म्हणजे कायमचे तोडलेले कनेक्शन. मीटर काढून नेलेला असतो, बिल येणे बंद झालेले असते, घरच्यांच्या लेखी विषय संपलेला असतो. संपत नाही तो कंपनीच्या खतावणीत. प्रत्येक ग्राहकाची एक खतावणी असते, तिला कचेरीतले लोक सीपीएल म्हणतात. कोणत्या महिन्यात किती युनिट, रीडिंग खरे घेतलेले की सरासरीने ठोकलेले, भरणा किती, व्याज किती, सगळे त्यात असते. आजींच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडे ती नसते. त्याच्याकडे फक्त शेवटचा आकडा असतो. त्यात मुद्दल किती, हे त्याला ठाऊक नाही. मीटर काढला त्या दिवशीचे अंतिम रीडिंग काय होते, ठाऊक नाही. दिराने कनेक्शन घेताना भरलेली सुरक्षा ठेव वळती करून घेतली की नाही, तेही ठाऊक नाही. आणि ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही वाटत नाही, कारण खासगी एजन्सीच्या माणसाची टक्केवारी वसुलीवर ठरते, हिशेबावर नव्हे.

आता कायदा ऐका. विद्युत अधिनियम 2003 चे कलम 56 काही गुप्त बाड नव्हे. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘उद्या लाइन कट’ ही धमकी त्या एका ओळीतच गारद होते. ज्याच्याकडून पैसे येणे आहेत त्याने ते भरण्यात कसूर केली, तर त्याची वीज तोडायची, असे हे कलम सांगते. आजी दिराच्या कायदेशीर वारस आहेत की नाहीत, हे कोणी विचारले? मागणीबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरा आणि वाद मिटेपर्यंत निर्धास्त राहा, ही सोयही तिथेच आहे. याच कलमाचा दुसरा भाग तर वसुलीवाल्यांनी पाठच करावा. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली की ती वसूल करता येत नाही आणि तिच्यापायी वीजही तोडता येत नाही. अपवाद एकच: ती थकबाकी म्हणून सातत्याने दाखवलेली असली पाहिजे. आता आम्हाला सांगा, ज्या कनेक्शनचे बिलच दहा वर्षे कोणाच्या घरी गेले नाही, त्याची थकबाकी ‘सातत्याने’ कोणाला दाखवली? कंपनीच्या संगणकाने कंपनीच्याच संगणकाला?

कंपन्यांचे वकील इथे सर्वोच्च न्यायालयाकडे बोट दाखवतात. दाखवू द्या, निकाल आम्हीही वाचले आहेत. अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात 2020 साली न्यायालयाने सांगितले की, आकारणीतली चूक मागाहून लक्षात आली तर कंपनीने फरकाचे बिल जरूर द्यावे, पण दोन वर्षांची मुदत टळल्यावर त्यासाठी वीज तोडण्याचा बडगा उगारू नये. केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात 19 मे 2023 रोजी न्यायालय आणखी पुढे गेले. दिवाणी दावा लावून वसुली करण्याचा मार्ग वेगळा आहे, तो कलम 56 ने बंद होत नाही, असे ठरले. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येईल, पण नियमांत तशी तरतूद असेल तर, असेही ठरले. हे आम्ही मान्य करतो. मग जा ना कोर्टात! लावा दावा, ठेवा खतावणी न्यायाधीशांपुढे, द्या उलटतपासणीला तोंड. ते कोणी करत नाही. कोर्टात पुरावा लागतो आणि दिवाणी दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. दारात यातले काहीच लागत नाही. तिथे आवाज चढवला की पुरते.

आणि नव्या मालकाचे म्हणाल, तर महाराष्ट्रात नियम अगदी स्पष्ट आहे. वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार वारस सोडून इतर कोणाच्या नावे जागा झाली, तर आधीच्याची जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकीच त्याच्यावर येते. सहा महिन्यांची! तरीही जुना गाळा किंवा फ्लॅट घेणाऱ्याला मीटर मागायला गेल्यावर खिडकीवर काय ऐकायला मिळते? ‘आधी मागचे सगळे भरा.’ दुकान अडलेले, कारागीर बसून, बँकेचा हप्ता सुरू झालेला. माणूस मुकाट्याने पैसे भरतो. नियम सहा महिन्यांचा आणि वसुली सहा वर्षांची, ही मोगलाई कोणाच्या हुकमाने चालते, ते एकदा जाहीर होऊ द्या.

व्याजाकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. थकलेल्या बिलावर 12 टक्क्यांपासून चढत 18 टक्क्यांपर्यंत व्याज लागत आलेले आहे. समजा मुद्दल चार हजार. 18 टक्क्यांनी सरळ व्याज वर्षाला 720 रुपये. साडेपाच वर्षांत व्याज मुद्दलाएवढे होते, बारा वर्षांत दुपटीच्याही पुढे जाते आणि चार हजारांचे बारा हजार सहाशे चाळीस होतात. आजींच्या अंगावर फेकलेला आकडा असाच जन्माला आलेला असतो. दुसऱ्या बाजूला ग्राहकाची ठेव कंपनीकडे वर्षानुवर्षे पडून असते, तिच्यावर कायदा व्याज ठरवतो ते रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या आधाराने. घेताना सावकार, देताना पतपेढी!

सावकाराचे नाव काढले ते उगाच नाही. या मुलखाला अशा वहीचा अनुभव जुना आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दंगा पुणे-नगर भागात पसरला. शेवटी परक्या सरकारलाही जाग आली आणि 1879 साली डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट झाला. त्यात काय होते? खतावरचा आकडा प्रमाण मानू नका, व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासा, असे न्यायाधीशांना बजावले होते. भरलेल्या पैशाची पावती आणि वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क कुणब्याला दिला होता. दामदुपटीचा नियम तर त्याहून कितीतरी जुना: कितीही वर्षे लोटली तरी मुद्दलाहून जास्त व्याज घ्यायचे नाही. आजही परवानाधारक सावकाराला राज्याचा 2014 चा सावकारी कायदा याच मर्यादेत बांधतो. म्हणजे कोपऱ्यावरच्या सावकाराला वेसण आहे आणि लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वीज कंपनीला नाही! 1879 साली निरक्षर कुळाला मिळालेला हिशेबाचा उतारा आज मोबाइल ॲप हातात असलेल्या नागरिकाला मिळवताना चपला झिजवाव्या लागतात.

या व्याजात खरेपणा किती आहे, हेही कंपन्यांनीच सांगून टाकले आहे. महावितरण या सरकारी वीज कंपनीच्या 2024 च्या अभय योजनेत 31 मार्च 2024 पूर्वी कायम तोडलेल्या ग्राहकांना मुद्दल भरल्यास संपूर्ण व्याज आणि विलंब आकार माफ होता. लघुदाब ग्राहकाने एकरकमी भरल्यास मुद्दलातही दहा टक्के सूट होती. 2022 साली विलासराव देशमुखांच्या नावाने अशीच योजना निघाली होती. योजना चांगल्याच; त्यांचा लाभ ज्याने घेतला त्याने शहाणपणा केला. पण दर दोन वर्षांनी जे व्याज एका परिपत्रकाने हवेत विरते, त्याच व्याजाचा बागुलबुवा करून मधल्या काळात म्हाताऱ्याकोताऱ्यांना घाम फोडायचा, हा कुठला न्याय? जो घाबरला त्याने व्याजासकट भरले, जो निर्ढावला त्याला माफी मिळाली. प्रामाणिकपणाला दंड आणि बेदरकारपणाला बक्षीस देणारी ही व्यवस्था उद्या ‘लोक बिले भरत नाहीत’ म्हणून गळा काढते, तेव्हा तिच्या शहाजोगपणाची कमाल वाटते.

‘निदान हजार भरा आणि सही करा’ या दयाळू वाक्याचाही समाचार घेऊ. ही दया नाही, सापळा आहे. दाव्याच्या मुदतीच्या आत तुम्ही देणे लेखी कबूल केले, किंवा थोडी रक्कम भरून तशी सही दिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने धावू लागते. मुदत संपलेली असली तरी ‘मी भरीन’ असे लिहून सही दिली की करार कायद्याच्या कलम 25 नुसार मेलेले देणे पुन्हा जिवंत होते. हे वसुलीवाल्याला शिकवलेले असते, आजींना कोणी शिकवलेले नसते. पोस्टपेड मोबाइलच्या जुन्या बिलांचे तर यावरच चालते: परगावच्या वकिलाच्या नावाची नोटीस, पोलिसांची धमकी, ‘सिबिल खराब होईल’चा मंत्र आणि शेवटी निम्म्या रकमेत तडजोड. बिल न भरणे हा दिवाणी मामला आहे. वीजचोरीचे, विद्युत अधिनियमातले कलम 135 वेगळे. आकडा टाकणाऱ्याला आणि बिल थकलेल्याला एकाच माळेत ओवणारा एजंट एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड.

बँकांच्या वसुली एजंटांना रिझर्व्ह बँकेने निदान सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई केली आहे. वीजबिलाच्या एजंटाला ते घड्याळ लागू नाही. भरीस भर म्हणजे ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे संदेश पाठवून भामट्यांनी असंख्य लोकांची खाती साफ केली आहेत. खऱ्या वसुलीवाल्याची भाषा आणि भामट्याची भाषा यांत लोकांना फरक करता येत नसेल, तर लाज कोणाला वाटायला हवी?

लोकअदालतीच्या नोटिशीचीही हीच गत. राष्ट्रीय लोकअदालतीसाठी पीडी ग्राहकांना नोटिसा जातात. कागदावर न्यायालयाचा उल्लेख दिसला की लोकांचे पाय लटपटतात. वास्तविक तिथे तडजोड दोघांच्या राजीखुशीने होते, कोणावर लादता येत नाही. मात्र एकदा सही केली की त्या निवाड्यावर अपील नाही. नोटिशीत ही दोन वाक्ये ठळक का छापत नाहीत?

बुडव्यांची आम्हाला कणव नाही. ऐपत असून बिल थकवणारे, मीटरमध्ये फेरफार करणारे, पुढाऱ्याच्या ओळखीवर वर्षानुवर्षे फुकट दिवे लावणारे, यांच्याकडून पै न पै वसूल करा. रात्री पावसात खांबावर चढणाऱ्या वायरमनशीही आमचे भांडण नाही. कागदावर त्याला ‘जनमित्र’ म्हणायचे आणि वसुलीचे उद्दिष्ट त्याच्याच बोकांडी बसवून शिव्या खायला गल्लीत धाडायचे, हे पाप वातानुकूलित खोल्यांतले आहे.

वीज नियामक आयोगाला आमचा रोकडा सवाल आहे. सीपीएलचा उतारा आणि ठेवीचा हिशेब जोडल्याशिवाय जुन्या थकबाकीची मागणीच ग्राह्य धरू नये, असा नियम करायला तुम्हाला कोणी अडवले आहे? पीडी थकबाकीवरच्या व्याजाला दामदुपटीची मर्यादा का घालत नाही? कंपनीचे अधिकारपत्र आणि लेखी मागणी हातात नसलेला माणूस दारात आला, तर त्याचा दंड कंपनीच्या माथी का मारत नाही?

आयोग जागा होईपर्यंत वाचकांनी वाट पाहण्याचे कारण नाही. दारात आलेल्याला ओळखपत्र खिशातून बाहेर काढायला सांगा, त्याचा फोटो घ्या. तोंडी मागणीला तोंडीच नकार द्या. सही करू नका, रोख पैसा हातात देऊ नका. उपविभागीय कचेरीत लेखी अर्ज देऊन सीपीएल, अंतिम रीडिंग आणि ठेवीचा हिशेब मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोचीचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आले नाही, किंवा आले ते पटले नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे वकिलाची गरज नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे. त्याच्या वर मुंबईत आणि नागपुरात विद्युत लोकपाल बसतात. हिशेब बरोबर निघाला तर मुद्दल भरून टाका आणि पावती जपून ठेवा. चुकीचा निघाला तर त्या कागदाची एक प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती याच पानावर छापू.