चूक कोणाची, हे आकड्याने सांगावे

आपल्याकडील कित्येक संगणकीय सेवांना एक विलक्षण खोड जडली आहे: मागितलेले काम सपशेल फसले असले, तरी त्या उत्तराच्या माथ्यावर ‘काम फत्ते’ असाच आकडा घालून पाठवितात आणि फसल्याची कबुली आतल्या मजकुरात कोठेतरी दडवून ठेवितात. ज्या वाचकांचा या व्यवसायाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. आपण मोबाइलवरून गाडीचे तिकीट काढतो किंवा विजेचे बिल भरतो, तेव्हा हातातील ॲप त्या संस्थेच्या सर्व्हरकडे विनंती पाठविते, तो सर्व्हर ती पुढे बँकेच्या सर्व्हरकडे धाडतो, आणि वेबच्या नियमांनी चालणाऱ्या अशा प्रत्येक टप्प्यावर परत येणाऱ्या उत्तराच्या शिरोभागी तीन अंकांचा एक संकेतांक असतो. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही, ५०० म्हणजे उत्तर देणाऱ्याच्याच घरात बिघाड आहे. जुन्या कचेरीत अर्जाच्या समासात जो शेरा पडे, त्याचीच ही नवी आवृत्ती होय. ‘नामंजूर’, ‘त्रुटीपूर्तीसाठी परत’, ‘वरिष्ठांकडे रवाना’ एवढे वाचूनच प्रकरणाची पुढची वाट ठरे, सबंध बाड कोणी उलगडून बसत नसे.

शेराच खोटा असेल, तर काय होते? विनंती करणारा प्रोग्राम काम झाले असे समजून पुढची पायरी चढतो. मधल्या वाटेवरील साठवणूक-यंत्रणा ते फसलेले उत्तर खरे मानून जपून ठेविते आणि पुढच्या दहाजणांना तेच देते. शोधयंत्रे ‘पान सापडले नाही’ या मजकुराचीच पान म्हणून नोंद करितात. आणि सेवेच्या प्रकृतीवर देखरेख ठेवणारा फलक, लोक तक्रारी करून थकले तरी, हिरवाच्या हिरवा राहतो.

या आकड्यांची परंपरा वेबहून जुनी आहे. १९७० च्या दशकात फाइलींची देवघेव करणाऱ्या एफटीपी या प्रोटोकॉलमध्ये तीन अंकी उत्तरे रूढ झाली, आणि जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली सिद्ध केलेल्या ई-मेलच्या नियमावलीतही तीच पद्धत आली. तेथे पहिल्या अंकाचा अर्थ मोठा व्यवहारी होता: ४ असेल तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, ५ असेल तर नकार कायमचा, त्याच स्वरूपात पुन्हा येऊ नये. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ सालच्या एचटीटीपी या वेबच्या आरंभीच्या प्रोटोकॉलमध्ये मात्र संकेतांक मुळीच नव्हते. काही चुकले तर माणसाला वाचता येईल असे एक पान येई, आणि ते पान म्हणजे उत्तर की नकार, हे मजकूर वाचल्यावाचून उमगण्यास काही साधन नव्हते. ही उणीव पुढे भरून निघाली आणि मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात संकेतांकांची व्यवस्था रीतसर नमूद झाली. म्हणजे २०० च्या आवरणाखाली अपयश पाठविणारा आजचा अभियंता, आपण काही आधुनिक करीत आहोत अशा समजुतीने, प्रत्यक्षात १९९१ मध्येच परत जात असतो.

वेबने ही प्रथा उचलताना पहिल्या अंकाचा अर्थ बदलला, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. ‘पुन्हा यावे की येऊ नये’ या प्रश्नाची जागा ‘चूक कोणाची’ या प्रश्नाने घेतली: ४ ने आरंभ होणारा आकडा मागणाऱ्याकडे बोट दाखवितो, ५ ने होणारा देणाऱ्याकडे. अपरिचित आकडा आला, तर त्याच्या पहिल्या अंकावरून त्याच वर्गातील मूळ आकड्याप्रमाणे, म्हणजे ४९९ ला ४०० प्रमाणे, वागावे, असा दंडकच आहे. म्हणून उरलेल्या दोन अंकांत एखादवेळी गफलत झाली तरी निभावते, पहिल्यात होऊन चालत नाही. यूपीआयच्या व्यवस्थेत हाच भेद निराळ्या नावाने नांदतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन फसलेल्या व्यवहारांची जी बँकवार आकडेवारी प्रसिद्ध करिते, तीत चुकीचा पिन किंवा अपुरी शिल्लक यांसारखी ग्राहकाकडील कारणे ‘बिझनेस डिक्लाइन’ म्हणून, तर यंत्रणेतील बिघाड ‘टेक्निकल डिक्लाइन’ म्हणून वेगळा मांडलेला असतो. कोणत्या बँकेची यंत्रणा डळमळीत आहे, हे त्या तक्त्यावरून सामान्य माणसालाही कळते, आणि कळावे हाच त्याचा हेतू आहे.

येथेच मोहाची जागा आहे. ज्या ठेकेदाराच्या करारात सेवेच्या उपलब्धतेची टक्केवारी लिहिलेली असते आणि ती टक्केवारी ५ च्या वर्गातील आकडे मोजून निघते, त्याला स्वतःचा बिघाड ४०० म्हणून, अथवा त्याहून सोयीस्कर अशा २०० म्हणून, नोंदविण्याची बुद्धी झाली तर नवल नाही. मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी स्वतःचीच माहिती पाच वेळा तपासून पाहतो, आणि चूक असते ती बंद पडलेल्या डेटाबेसची. नागरिकास विनाकारण गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करणारी ही लबाडी मला तांत्रिक दोषाहून गंभीर वाटते.

आता निवडीविषयी. नोंदणीकृत आकडे कितीतरी आहेत, पण आठ-दहांत बहुतेक सेवांचे भागते. ओळख पटली नसेल तर ४०१, ओळख पटून अधिकार नसेल तर ४०३, वस्तूच नसेल तर ४०४. वस्तू असून तिच्या अस्तित्वाचा सुगावाही परक्यास लागू द्यावयाचा नसेल, तर ४०३ ऐवजी ४०४ देण्याची मुभा नियमावलीतच आहे, आणि रुग्णाच्या अहवालासारख्या बाबतीत ती वापरणे मला रास्त वाटते. मागणी नोंदीच्या सद्यःस्थितीशी विसंगत ठरली तर ४०९. विनंत्यांचा भडिमार झाला तर ४२९. आपलीच सेवा तूर्त बंद असेल तर ५०३, आणि या अखेरच्या दोहोंसोबत किती वेळाने यावे हेही कळवावे, म्हणजे ई-मेलच्या जुन्या पद्धतीतील जो शहाणपणा वेबने सोडला, तो काही अंशी पदरात पडतो. अर्जाची मांडणी शुद्ध, पण जन्मतारीख उद्याची, अशा प्रसंगी ४०० द्यावे की ४२२, या वादात अभियंत्यांचे तास न् तास खर्ची पडतात. कोणतेही एक पत्करावे आणि मग ते बदलू नये, यापलीकडे मला त्यात तत्त्व दिसत नाही.

नवे आकडे मात्र हौसेने काढू नयेत. ४१८ हा आकडा लॅरी मॅसिंटर यांनी १ एप्रिल १९९८ रोजी केलेल्या थट्टेतून आला, कॉफी करण्यास नकार देणाऱ्या चहाच्या किटलीचा तो जबाब. २०१७ साली काही प्रोग्रामिंग-साधनांतून तो काढण्याची सूचना येताच लोक असे खवळले की, अखेर २०२२ च्या नियमावलीत त्याची जागा राखून ठेवावी लागली. याउलट, कायद्याच्या हुकुमाने मजकूर अडविला गेल्याचे सांगणारा ४५१ टिम ब्रे यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०१६ मध्ये नियम म्हणून प्रसिद्ध झाला, तो नावातच ४५१ असलेल्या रे ब्रॅडबरींच्या कादंबरीची आठवण ठेवून असला तरी खऱ्या गरजेपोटी. सरकारी मनाई आणि साधी अनुपस्थिती यांतील फरक त्यापूर्वी कोणताच आकडा स्पष्टपणे सांगत नव्हता.

बारकाव्यांसाठी उत्तराचे अंग मोकळे आहेच. त्याचा प्रमाण आराखडा मार्च २०१६ मध्ये आला आणि जुलै २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ म्हणून सुधारून निघाला. कार्डांच्या जगात ५१ म्हणजे अपुरी शिल्लक असे जे स्वतंत्र आकडे चालतात, तसे आपापले आकडे तेथे खुशाल लिहावेत. एकाच विनंतीत अनेक मागण्या करू देणाऱ्या ग्राफक्यूएल या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात की, एका विनंतीत दहा मागण्या असून नऊ सफल झाल्या, तर २०० च योग्य. तेवढ्या बाबतीत त्यांचे म्हणणे मान्य. एकच मागणी असून तीही फसली, तर ही सबब चालू नये.

एक प्रसंग असा की, जेथे कोणताही आकडा अपुरा पडतो. ५०४ म्हणजे पलीकडून वेळेत उत्तर आले नाही. काम झाले की नाही, हे त्याने कळत नाही. पैशांच्या व्यवहारात हे अज्ञान महागात पडते, कारण ग्राहक पुन्हा बटण दाबतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने, यूपीआयवरून पाठविलेली रक्कम खात्यातून वजा होऊन समोरच्याकडे जमा न झाल्यास आणि दुसऱ्या दिवसापर्यंत परतही न आल्यास दररोज १०० रुपये भरपाई ठरवून दिली, ती याच अंधारासाठी. सेवा रचणाऱ्यांनी प्रत्येक मागणीस एकमेव क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम दुबार न करता पहिलाच निकाल कळवावा, हा त्यावरील जाणता उपाय होय.

सरकारी निविदांत सेवेचा वेग आणि सुरक्षा यांवर पाने भरलेली असतात; त्यांत संकेतांकांच्या तक्त्याचे एक पान जोडणे कठीण नाही. सेवा ताब्यात घेण्यापूर्वी पाठीमागचा डेटाबेस मुद्दाम बंद करून एक अर्ज पाठवून पाहावा, आणि उत्तरादाखल ५०३ ऐवजी २०० आला, तर ठेकेदाराचे देयक रोखून धरावे.